करवतीचं इंजिन

भीमराज ओहोळ विमानदलातून सुटून कर्जतला परत आला, तेव्हा ट्रंका-गाद्यांच्या मागोमाग टेम्पोतून चादरीत गुंडाळलेलं एक विमान उतरलं. पंख काढून ठेवलेले, तरी दोन माणसांनी धरावं एवढं लांब. वस्तीतल्या लोकांना वाटलं, पोरांसाठी खेळणं आणलं असेल. पण भीमराजची पोरं कधीच कॉलेजात गेली होती. हे विमान त्याचं स्वतःचं होतं. वीस वर्षं लढाऊ विमानांची इंजिनं दुरुस्त करताना सुट्टीच्या दिवशी तो रिमोटवर ही छोटी विमानं उडवायला शिकला, आणि त्यात असा मुरला की बरोबरचे अधिकारीसुद्धा त्याला आपलं विमान हवेत चढवून द्यायला सांगत.

कर्जतला त्याची आणि गोरक्ष तनपुरेची गाठ पडली ती लाकडापायी. विमानाच्या चाकांना आधार द्यायला भीमराजला चिवट फळी हवी होती, आणि गोरक्षच्या लिंबाच्या बागेत फळांच्या जुन्या पेट्यांचा ढीग पडलेला होता. गोरक्ष वयानं दहा वर्षांनी लहान, हाडाचा शेतकरी. फळी द्यायला आला आणि विमान बघून तिथंच बसला. त्या दिवसापासून बागेतली पत्र्याची शेड दोघांची झाली. पंखांना कागद चढवणं, डिंक लावणं, इंधन मिसळणं ही कामं गोरक्षची. उडवणं मात्र भीमराजचं. गोरक्षनं दोनदा रिमोट हातात घेऊन पाहिला, दोन्ही वेळा विमान बाभळीत घातलं, आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

दर चौदा एप्रिलच्या जयंतीला, सकाळची वंदना झाली की लोक गावाबाहेरच्या माळावर जमायचे आणि भीमराज विमान उडवायचा. पालथं घालायचा, उलथं घालायचा, आकाशात गोल काढायचा. मिरवणूक संध्याकाळी असायची, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांना सकाळचं हे विमानच जास्त आवडायचं.

शहाण्णव सालच्या जयंतीला ते पडलं. तिसरा गोल चालू होता. गोलाच्या माथ्यावर इंजिन बंद पडलं, आणि भीमराज ते चालूच आहे असं समजून रिमोटची काडी ओढत राहिला. जोर नसलेलं विमान हवेत क्षणभर थबकलं, एका पंखावर कलंडलं आणि थेट बायका बसल्या होत्या तिकडं आलं. वस्तीतल्या साळूबाईच्या पायापासून हातभर अंतरावर त्याचं नाक जमिनीत घुसलं. कुणाला खरचटलंही नाही. साळूबाई सत्तरीची, तिला दोघींनी धरून उठवलं, पाणी पाजलं. ती नुसती त्या मोडक्या पंखाकडं बघत राहिली. भीमराजच्या डोळ्यांपुढून ते बघणं पुढं वर्षभर हललं नाही.

दोष इंधनाचा, असं दोघांनी ठरवलं. त्या इंजिनाला मिथेनॉल आणि एरंडेल लागायचं. मिथेनॉल मिळवणं म्हणजे आधीच डोकेदुखी, त्यात त्या वर्षी गोरक्षनं एरंडेल शेवगावच्या बाजारातून आणलं होतं. तेल दाट असेल, गाळ असेल, नळीत अडकलं असेल. गोरक्षनं ते मनाला लावून घेतलं. म्हणाला, "भाऊ, तेल म्या आनलं. म्हातारीचा जीव माझ्या हातनं जात हुता."

"तसं नसतं रे," भीमराज म्हणाला. पण त्यालाही तेच वाटत होतं.

दिवाळी झाली तेव्हा त्यानं ठरवलं, आता पेट्रोलवर चालणारं इंजिन बघायचं. साधं पेट्रोल, त्यात थोडं ऑइल, कुठल्याही पंपावर मिळणारं. परदेशात विमानांसाठी तशी इंजिनं नव्यानं निघाली होती, पण ती मागवणं आपल्या आवाक्यातलं नाही हे दोघांनाही कळत होतं. तेव्हा जे आहे त्यातूनच निवडायचं.

एक तर गोरक्षच्या घरातच होतं: लिंबांवर औषध मारायचा, पाठीवर घ्यायचा फवारणी पंप. दुसरं भीमराजनं भिंगारच्या भंगार बाजारातून शोधून आणलं. लष्कराच्या लिलावातून आलेली, झाडं कापायची परदेशी करवत. दात गेलेले, साखळी तुटलेली, पण इंजिन जिवंत. मोपेडच्या इंजिनाचाही विचार झाला, पण ते नुसतं हातात उचलूनच गोरक्ष म्हणाला, "ह्याला उडवायला आनखी एक विमान लागंल."

दोन्ही इंजिनांची टरफलं काढली. करवतीची मूठ, साखळीचा दांडा, पुढचा क्लच, सगळं उतरवलं. लिंबू मोजायच्या तराजूत दोन्ही तोलली. मग भीमराजनं जुन्या ढकलगाडीवर फळी ठोकली, फळीवर इंजिन आवळलं, पुढं लाकडी पंखा चढवला आणि गाडी मागून ताणकाट्यानं खांबाला बांधली. इंजिन चालू केलं की गाडी पुढं ओढायची आणि काटा सांगायचा ओढ किती. कसरती करणाऱ्या विमानाला स्वतःच्या वजनाएवढी तरी ओढ हवी. नाहीतर ते वर चढताना धापा टाकतं.

पंपाचं इंजिन ओढीला चांगलं निघालं. आवाजही खर्जातला, घुमणारा. भीमराजला ते पहिल्याच दिवशी आवडलं. "ह्याचा आवाज बघ कसा स्वच्छ येतो," असं तो दोनतीनदा म्हणाला. गोरक्षला त्यात विशेष काही वाटलं नाही.

मग उलटं करून बघायची पाळी आली. दोघांनी फळीची दोन टोकं धरली, पंख्यापासून अंग चोरून, आणि चालतं इंजिन हळूहळू पालथं केलं. पंपाचं इंजिन दोनदा ठसकलं, कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकलं आणि ते बंद पडलं. त्याच्या पोटात पेट्रोलची वाटी होती, पाण्याच्या टाकीत असतो तसा तरंगता गोळा होता. वाटी उलटी झाली की सगळं सांडणार. करवतीचं इंजिन मात्र पालथं केलं तरी त्याच सुरात चालू राहिलं. झाड कापणारा माणूस करवत आडवी धरतो, उभी धरतो, डोक्यावर धरतो. म्हणून तिच्या कार्बोरेटरमध्ये वाटी नव्हती, रबराचा पातळ पडदा होता, आणि त्याला वरखालीचं काही पडलेलं नव्हतं.

"झालं मग," गोरक्ष म्हणाला. "करवत."

"थांब. जुनं इंजिन पण लावून बघू, म्हणजे तुलना होईल," भीमराज म्हणाला. शिल्लक मिथेनॉल होतं, एरंडेल त्यानं मुद्दाम नगरहून नवीन आणलं होतं.

जुनं इंजिन मुठीएवढं. ते चालू झालं आणि शेडचे पत्रे थरथरले. भीमराज वाकून इंधनाची सुई फिरवायला लागला. हे त्याचं रोजचं काम. सुई आत घेत जायची, इंजिनाचा भरडा आवाज मोकळा होत जातो, आणि तो मोकळा झाला की थोडं मागं यायचं. जास्त आत गेलं तर इंधन कमी पडतं, इंजिन चिरकतं, तापतं आणि बंद पडतं.

त्यानं सुई आत घेतली. आणखी घेतली. गोरक्षनं कानांवर हात ठेवले. इंजिन सुरीनं पत्रा कापावा तसं किंचाळायला लागलं होतं.

"भाऊ, बास," गोरक्ष ओरडला.

भीमराज सुई फिरवतच होता. त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचा शांत, लक्ष देणारा भाव होता, जणू तो अजून वाटच बघतोय. गोरक्षनं पुढं होऊन इंधनाची नळी चिमटीत धरली. इंजिन थांबलं.

"नळी का धरलीस?"

"आवं, किती किंचाळत हुतं. जळालं असतं."

"किंचाळत? अजून मोकळंसुद्धा झालं नव्हतं."

गोरक्ष त्याच्याकडं बघत राहिला. भीमराजनं इंजिनाच्या डोक्याला बोट लावलं आणि चटका बसून मागं घेतलं. मग त्यालाही कळलं. बागेत कुणीतरी पाटाचं पाणी वळवत होतं, त्या खोऱ्याचा दणका दोघांनाही ऐकू येत होता.

"मागल्या जयंतीला," भीमराज अखेर म्हणाला, "पडायच्या आधी हे असंच ओरडलं होतं का?"

गोरक्षनं मान खाली घातली. "व्हय. आमाला वाटलं, तुमी मुद्दाम करताय."

तेलाचा दोष नव्हता हे त्या घटकेला सिद्ध झालं होतं. इतके महिने वाहिलेलं ओझं गोरक्षच्या डोक्यावरून उतरलं होतं, पण ते कुणाच्या डोक्यावर गेलं हे समोर दिसत असताना त्याला हायसं वाटेना. त्यानं गाडीचा ताणकाटा सोडला, गुंडाळून ठेवला आणि म्हणाला, "चला, च्या घिऊ."

भीमराज चहाला थांबला नाही.

त्याच्या बायकोनं, भागिरथीनं, त्याला नगरला नेलं. कानाच्या डॉक्टरबाईंनी डोक्याला यंत्र लावलं, बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. भीमराज समंजस विद्यार्थ्यासारखा बसून राहिला आणि बटण फारसं दाबलंच नाही. बाई म्हणाल्या, "बारीक, उंच पट्टीतले आवाज गेलेत. जाड आवाज बऱ्यापैकी येतात. विमानांच्या शेजारी नोकरी केलीत ना? कानात काय घालायचात?"

"कापूस," भीमराज म्हणाला. "कधी कधी."

गेलेलं परत येणार नाही, असं बाईंनी सांगितलं. कानात बसवायचं यंत्र घेतलं तर बोलणं कळायला मदत होईल, पण जोरात चालणाऱ्या इंजिनाशेजारी ते काढूनच ठेवावं लागेल.

परतीच्या एसटीत भागिरथी खिडकीशी बसली होती. मिरजगाव मागं पडलं तरी ती बाहेरच बघत होती. मग वळून, त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "मला वाटलं, तुमी रागावलाय."

"कुणावर?"

"माझ्यावर. दोन-तीन वर्सं झाली. सैपाकघरातनं हाक मारली तर तुमी वळून बी बघत न्हाई. म्हनलं, साहेब लोकांत राहून आलेत, आता आपलं बोलनं कशाला गोड लागंल. मग म्या बी हाक मारायचं सोडलं."

भागिरथीचा आवाज बारीक. लग्नात तिच्या आवाजावरून नणंदा तिला चिमणी म्हणायच्या. भीमराजला एकाएकी जाणवलं की घर शांत झालंय असं आपण समजत होतो, निवृत्तीनंतर असंच असतं असं धरून चाललो होतो, आणि त्या सगळ्या काळात ही बोलत होती. त्यानं तिचा हात हातात घेतला. एसटीत असं त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं. तिनंही तो काढून घेतला नाही.

पण विमानाचं नाव त्यानं टाकलं. रिमोट पेटीत घालून पेटी माळ्यावर ठेवली. गोरक्ष आला तेव्हा म्हणाला, "बागेतलं सगळं सामान तुझं. तू उडव."

"मला येत न्हाई, तुमाला ठावं हाय."

"मग पंप परत लिंबाला लाव. ज्याला इंजिन ऐकू येत नाही, त्यानं माणसांच्या डोक्यावर विमान नेऊ नये."

गोरक्ष दोन आठवडे आलाच नाही. मग एका सकाळी आला आणि म्हणाला, "भाऊ, नुसतं शेडपर्यंत चला. इमान उडवायचं न्हाई. एक परीक्षा घ्यायचीय."

शेडमध्ये त्यानं तिन्ही इंजिनं फळ्यांवर बसवून मांडली होती. भीमराजला त्यानं बागेच्या पार पल्याड नेलं, बांधावर उभं केलं, तोंड फिरवायला लावलं आणि म्हणाला, "म्या एकेक चालू करतो. मधीच आवाज बदलीन. बदललेला कळला की हात वर करा. न कळता करू नका. तुमाला खोटं बोलाय येत न्हाई, तवा सोपं हाय."

भीमराज कंटाळून उभा राहिला. समोर ज्वारीचं रान होतं, त्यावर ऊन. पाठीमागं काहीतरी सुरू झालं, मधमाशीसारखं, दुरून. तो वाट बघत राहिला. आवाज तसाच राहिला आणि मग नाहीसा झाला. त्यानं हात वर केला नव्हता. ते जुनं इंजिन होतं, आणि गोरक्षनं त्याला पाचसहा वेळा रडवलं होतं.

मग पंप. तो खर्जात सुरू झाला आणि भीमराजच्या छातीतच उतरला. गोरक्षनं पेट्रोल कमी केलं रे केलं की भीमराजचा हात वर जाई.

शेवटी करवत. हिचा आवाज दोघांच्या मधला, थोडा खरखरीत. पहिला बदल त्याला कळला. दुसरा कळला. एकदा तो घोटाळला, हात अर्धा उचलून थांबला, मग उचलला. गोरक्षनं तेव्हाच तर थ्रॉटल अगदी केसभर मागं घेतलं होतं. वीस वर्षं इंजिनांवर काढलेला माणूस त्या आवाजात अजून शाबूत होता. भीमराजला ते कळलं आणि त्यानं उचललेला हात लगेच खाली घेतला नाही.

गोरक्ष बांध ओलांडून आला. "पंप सगळ्यात चांगला कळतो तुमाला."

"पंप पालथा चालत नाही."

"पालथं नका घालू मग. सरळ उडवा. घिरट्या घाला नुसत्या."

भीमराजनं मान हलवली. "ते उडवणं नव्हे, ती फवारणी." आणि बऱ्याच दिवसांनी हसला. "करवतच. पण लोक दोरीच्या पलीकडं, सगळे एकाच बाजूला. विमान त्यांच्या डोक्यावर येणार नाही. आणि तू माझ्या मागं उभं राहायचं, खांद्यावर हात ठेवून. मला कळायच्या आधी तुला काही ऐकू आलं तर दाबायचं."

मोडलेलं विमान दोघांनी पुन्हा उभं केलं, पण करवतीच्या इंजिनानं त्यांना सुखासुखी काही दिलं नाही. ते जड होतं, म्हणून त्याचं आतलं फिरतं चाक नगरच्या एमआयडीसीत लेथवर घासून हलकं केलं. ते हादरे द्यायचं, म्हणून नाकातली फळी दुप्पट जाड केली आणि खाली रबर घातलं. इंजिन चालू केलं की विमानाची शेपटी आपोआप फडफडायची, कारण प्लगची ठिणगी रिमोटच्या लहरींत घुसायची. त्यावर भीमराजनं जुन्या केबलची तारेची जाळी काढून प्लगच्या वायरला चढवली आणि रिमोटच्या लहरी पकडणारी डबी इंजिनापासून दूर, पार शेपटीकडं नेली. फडफड थांबली. चाचणीला दोघं पहाटे खर्ड्याच्या रस्त्याला लांब, निर्मनुष्य माळावर जात. भागिरथी डबा देई आणि जाताना त्याच्यासमोर येऊन, ओठ दिसतील असं बोले.

जयंतीच्या आधी भीमराज एकटाच साळूबाईकडं गेला. ती ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

"जय भीम, मावशी."

"जय भीम. बस."

तो बसला. "यंदा विमान उडवायचं म्हणतोय. तुमचं मन असेल तर. नसेल तर नाही उडवणार."

साळूबाईनं चार शेंगा मोडल्या. "पडंल का?"

"पडू शकतं," भीमराज म्हणाला. "ते यंत्र आहे. पण माणसांत नाही पडणार, एवढं मी बघितलंय." आणि मग त्यानं कानाचं सांगितलं. बायकोला आणि गोरक्षला सोडून त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

साळूबाईनं ते ऐकून घेतलं. "माझ्या थोरल्याला गिरणीत असंच झालं," ती म्हणाली. "त्यो लपवायचा. लई भांडनं झाली घरात." सूप बाजूला सारून ती म्हणाली, "उडव. म्या येते."

चौदा एप्रिलला माळावर दोरी बांधली होती. लोक तिच्या पलीकडं बसले, साळूबाई मधोमध. ऊन चढायच्या आतच भीमराजनं विमान उचललं. गोरक्ष मागं उभा राहिला, उजवा हात त्याच्या खांद्यावर. करवतीच्या इंजिनानं आधी धूर ओकला, मग सूर धरला, आणि विमान माळावरून धावत सुटून वर गेलं.

भीमराजनं दोन गोल काढले. मग विमान पालथं घातलं आणि तसंच, चाकं आकाशाकडं करून, माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. लोकांतून हलकी कुजबूज गेली. परत येताना तो उभा चढ घेणार होता. नाक वर केलं, आणि आवाजात काहीतरी सैल झालं. अगदी थोडं. खांद्यावरचा हात दाबला गेला तेव्हा भीमराजच्या अंगठ्यानं थ्रॉटल आधीच मागं घेतलं होतं.

विमान सरळ केलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. पंखा स्थिर दिसायला लागला. भीमराजनं नाक खाली ठेवलं, घाई केली नाही, माळाच्या लांबच्या अंगाला, जिथं कुणीच नव्हतं, तिथं वळण घेतलं आणि घारीसारखं तरंगवत ते खाली आणलं. चाकं ढेकळांवरून उड्या मारत गेली आणि विमान उभं राहिलं. लोकांना वाटलं, हासुद्धा खेळच. टाळ्या पडल्या.

गोरक्ष पळत जाऊन विमान घेऊन आला. प्लगची टोपी हादऱ्यांनी सैल झाली होती, दुसरं काही नाही. "तुमी आधी पकडलं," तो म्हणाला. "म्या दाबायच्या आधी."

भीमराजनं मान हलवली. त्यानं रिमोट गोरक्षकडं दिला.

लोक दोरी ओलांडून भोवती जमले. सगळे एकदम बोलत होते. साळूबाई भागिरथीचा हात धरून गर्दीतून पुढं आली आणि त्याला काहीतरी म्हणाली. ओठ हलले, पण गलक्यात शब्द गेले. पूर्वी अशा वेळी तो नुसता हसून मान डोलवायचा. या वेळी तो वाकला, कान पुढं केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पुन्हा बोला, मावशी. मला कमी ऐकू येतं."